स्विस पासपोर्ट: छापखानेवाल्याच्या भिंगाखालून

स्वित्झर्लंडच्या सरकारने ३१ ऑक्टोबर २०२२ पासून द्यायला सुरुवात केलेल्या नव्या पासपोर्टाचे हे परीक्षण एका छापखानेवाल्याने केलेले आहे, हे आधीच सांगून ठेवतो. कोणत्या पासपोर्टावर किती देशांत व्हिसाविना जाता येते, याचे तक्ते पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतात; त्यात मला रस नाही. आर्वीसारख्या तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, बाजार समितीची नमुनापत्रे आणि निवडणूक लागली की पत्रके छापणाऱ्या माणसाला छापील वस्तू ज्या नजरेने पाहायची सवय लागते, त्याच नजरेने मी ही पुस्तिका पाहिली. ती हाती आली माझ्या भाचीमुळे. नोकरीनिमित्त बाझेल येथे गेलेल्या या मुलीने काही वर्षांनी तिकडचे नागरिकत्व घेतले, आणि घरच्या लग्नासाठी गावी आली असता, “मामाजी, पाहिजे तेवढं पाहा, पण फोटो काढू नका,” या अटीवर तिने पुस्तिका माझ्या टेबलावर ठेवली. तिचे नाव, क्रमांक आणि तारखा या लेखात येणार नाहीत. बाकी मात्र काहीही हातचे राखलेले नाही.

मुखपृष्ठ लाल आहे. स्वित्झर्लंड युरोपीय संघाचा सदस्य नसल्यामुळे संघातील बहुतेक देश वापरतात तो काळपट तांबडा रंग घेण्याचे कारण त्याला नाही. हा लाल त्यांच्या झेंड्याचा लाल आहे आणि त्यावर पांढरा क्रूस आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी पासपोर्ट देण्याचे काम तिथली कॅन्टने, म्हणजे घटक राज्ये, आपापल्या पद्धतीने करत असत. युद्धामुळे सीमेवरची तपासणी कडक झाल्यावर १९१५ साली साऱ्या देशासाठी एकच नमुना ठरला, आणि मुखपृष्ठ लाल झाले ते १९५९ साली. नव्या आवृत्तीत आतले सगळे बदलले तरी हा रंग तसाच ठेवला आहे, आणि ते योग्यच झाले. सीमेवरच्या अधिकाऱ्याने दहा पावलांवरून ओळखावा असा रंग एकदा हाती लागल्यावर तो बदलण्यात शहाणपण नसते. आमच्याकडे दर दोन वर्षांनी नावाच्या पाटीचा रंग बदलून घेणाऱ्या दुकानदारांना हे कोणीतरी सांगायला हवे.

मुखपृष्ठावर शीर्षक पाच भाषांत आहे: जर्मन, फ्रेंच, इटालियन, रोमान्श आणि इंग्रजी. पाच ओळी एकाच आकाराच्या, एकाच वजनाच्या अक्षरांत असून कोणतीही ओळ दुसरीच्या डोक्यावर बसलेली नाही. यातील रोमान्श ही पूर्वेकडील डोंगराळ ग्राउब्युन्डेन कॅन्टनमधली भाषा बोलणारे साठ हजारांच्या आसपास आहेत. तरीही १९३८ साली जनमताने तिला राष्ट्रीय भाषेचा दर्जा मिळाला आणि आज ती पासपोर्टावर जर्मनच्या शेजारी उभी आहे. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या वाचकांना इथे गोंडी आठवल्याशिवाय राहणार नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८० हजार लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदवली, पण ती अजून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतही नाही. आपल्या देशात भाषा फार आहेत आणि मुखपृष्ठ लहान आहे, ही अडचण मला समजते. मात्र अडचण जागेची आहे की इच्छेची, हा प्रश्न या लाल मुखपृष्ठाकडे पाहिल्यावर मनातून जात नाही.

आता आतल्या पानांकडे येतो, कारण माझे मुख्य काम तिथेच आहे. या पासपोर्टाचे संकल्पन जिनिव्हाच्या रेटिना या स्टुडिओचे आहे आणि त्याची मध्यवर्ती कल्पना पाणी ही आहे. डोंगरमाथ्यावरून निघालेले पाणी दऱ्यांतून, सरोवरांतून, साऱ्या २६ कॅन्टनांतून वाहत देशाबाहेर पडते, अशा क्रमाने पाने उलगडत जातात. कल्पना दिसायला सोपी असली तरी ती त्या देशाच्या भूगोलातून निघालेली आहे. र्‍हाईन तिथून निघून उत्तर समुद्राला मिळते, र्‍होन भूमध्य समुद्राला, टिचिनो पो नदीतून एड्रियाटिकला आणि इन नदी डॅन्यूबमार्फत काळ्या समुद्राला. एवढ्याशा देशातले पाणी चार दिशांच्या चार समुद्रांना जाते. वर्धा नदीच्या काठच्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही. मुलताईच्या परिसरातच तापी पश्चिमेची वाट धरते आणि आमची वर्धा खाली उतरून गोदावरीच्या खोऱ्यात जाते, हे आम्ही शाळेत शिकलो आहोत. याआधीच्या, २००३ साली आलेल्या आणि रोझे फुन्ड यांनी संकल्पित केलेल्या मालिकेतही प्रत्येक कॅन्टनला त्याचे पान होते, पण तिथे पाने सुटी होती. पान सोळा आणि पान सतरा यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. नव्या रचनेत डाव्या पानावरचा उतार उजव्या पानावर पुढे जातो, म्हणून पुस्तिका चाळताना ती वाचली जाते. परराष्ट्रांचे शिक्के मारण्यासाठी कोऱ्या ठेवायच्या पानांना असा ओघ देणे हे मोठे कौशल्याचे काम आहे.

भिंग लावल्यावर कौशल्याची खरी जात दिसते. आमच्या छापखान्यात हिरवे पान छापायचे झाले तर निळे आणि पिवळे ठिपके शेजारी-शेजारी पडतात आणि दुरून डोळा त्यांचा हिरवा रंग करून घेतो. कोणत्याही लग्नपत्रिकेवरच्या गणपतीला भिंगातून पाहा, तो ठिपक्यांचाच बनलेला असतो. या पानांवर ठिपके नाहीत. प्रत्येक रेषा सलग आहे आणि तिला लागणारी शाई आधीच त्या रंगाची कालवलेली आहे. काही ठिकाणी तीच रेषा पानाच्या एका कडेला एका रंगाची असते आणि दुसऱ्या कडेला पोचेपर्यंत दुसऱ्याच रंगाची होते, पण बदल कुठे झाला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. हे करण्यासाठी शाईच्या एकाच पेटीत दोन रंग शेजारी ओतून मशीन चालू असताना त्यांची कड एकमेकांत मिसळू द्यावी लागते, आणि हजारो प्रतींमध्ये ते मिसळणे तेवढेच ठेवावे लागते. साध्या डोळ्यांना केसासारखी वाटणारी एखादी रेषा भिंगाखाली अक्षरांची ओळ निघते. रंगीत झेरॉक्सवाल्याने किंवा स्कॅनरवाल्याने याची नक्कल करायची ठरवली तर त्याचे यंत्र या सगळ्याचे पुन्हा ठिपके करते, आणि खोटेपणा तिथेच उघडा पडतो.

या पासपोर्टाची माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी जमेची बाजू हीच आहे. पुष्कळ देशांच्या पासपोर्टांवर स्मारकाचे चित्र एकीकडे असते आणि त्याच्या मागे जाळीदार नक्षीचे सुरक्षा-काम दुसरीकडे. चित्रकाराने एक केले, सुरक्षावाल्याने दुसरे, आणि दोन्ही एकावर एक ठेवून दिले. इथे डोंगराचा उतार दाखवणारी रेषा हीच सुरक्षेची रेषा आहे. ती काढून टाकली तर डोंगरही जाईल आणि कुलूपही जाईल. छपाईच्या धंद्यात सजावटीचे पैसे वेगळे आणि कामाचे वेगळे मोजायची आपल्याला सवय आहे. या पुस्तिकेत तशी वेगळी मोजणी करता येणार नाही.

सुरक्षा-छपाईचे काम झुरिकच्या ओरेल फ्युस्ली या छापखान्याकडे आहे, आणि त्याच्याविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. हा छापखाना आपला आरंभ १५१९ सालचा मानतो. तेव्हाचा त्याचा धनी ख्रिस्तोफ फ्रोशावर. त्याच्याच घरी १५२२ साली, उपवासाच्या दिवसांत, कामगारांना मांसाचे सॉसेज खाऊ घातल्यावरून मोठे धार्मिक प्रकरण झाले आणि झुरिकमधील धर्मसुधारणेला त्यातून जोर आला. फ्रोशावरचे म्हणणे असे होते की पुस्तकजत्रेच्या आधी कामाचा एवढा रेटा आहे की नुसत्या पेजेवर माणसे उभी राहू शकत नाहीत. मार्गशीर्षात लग्नपत्रिकांची गर्दी असताना रात्रपाळी केलेल्या प्रत्येक छापखानेवाल्याची सहानुभूती त्याला मिळेल. याच फ्रोशावरने १५३१ साली बायबलची प्रसिद्ध आवृत्ती छापली, आणि त्याच परंपरेतला छापखाना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्विस राष्ट्रीय बँकेच्या नोटा छापत आला आहे. पाचशे वर्षांचा हात लागलेली रेषा कशी असते, ती या पानांवर दिसते.

नव्या पासपोर्टाची जी गोष्ट सर्वांत गाजली, ती म्हणजे अतिनील प्रकाशातले त्याचे रूप. ते पाहण्याचे साधन माझ्याकडे नव्हते, पण बाजार समितीच्या आवारातल्या एका ओळखीच्या अडत्याकडे खोट्या नोटा ओळखण्याचा जांभळ्या उजेडाचा दिवा आहे. कापसाच्या हंगामात रोख व्यवहार करणाऱ्याला तो ठेवावाच लागतो. शटर अर्धे ओढून आम्ही तिथे पुस्तिका उघडली. दिवसा जी पाने फिकट वाटत होती त्यांवर चमकत्या रेषांचे डोंगर उभे राहिले. भूगोलाच्या नकाशात उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा असतात तशा रेषा एकीतून एक निघत माथ्याकडे जाताना दिसू लागल्या. अडते आयुष्यभर पाचशेच्या नोटेवरचा चमकता क्रमांक पाहत आलेले. ते म्हणाले, “भाऊ, हा तं पुरा नकाशाच निघाला!”

त्याच दिव्याखाली मी खिशातली एक लग्नपत्रिका शेजारी ठेवली, आणि माझ्या धंद्यातल्या वाचकांनी हा प्रयोग जरूर करून पाहावा. पत्रिकेचा कागद निळसर पांढरा पेटून उठला. बाजारातला कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात उजळपणा आणणारी रसायने घातलेली असतात आणि ती या दिव्याखाली स्वतःच चमकतात. पासपोर्टाचा कागद मात्र काळोखातच राहिला. त्यात ती रसायने घालतच नाहीत, म्हणून चमकते ती फक्त शाई. गावातल्या कोणत्याही दुकानातून आणलेल्या चांगल्यात चांगल्या कागदावर खोटा पासपोर्ट छापला तर शाई तपासण्याआधी कागदच त्याची चुगली करील.

याच ठिकाणी माझी मोठी तक्रारही आहे. या पुस्तिकेतले सर्वांत देखणे काम त्या दिव्याशिवाय दिसत नाही, आणि तो दिवा पासपोर्टधारकाकडे नसतो, सीमेवरच्या अधिकाऱ्याकडे असतो. दिवसाच्या उजेडात पाने संयत आहेत, पण जरा जास्तच संयत आहेत. रेषा इतक्या बारीक आणि रंग इतके हलके आहेत की चष्म्याच्या वयातल्या माणसाला डोंगर कोणता आणि दरी कोणती हे सहज उमजत नाही. भाचीने प्रांजळपणे सांगितले की पासपोर्ट हाती येऊन बरेच दिवस झाले तरी तिने ही पाने कधी निरखून पाहिली नव्हती. ज्याच्या नावे वस्तू आहे त्यालाच तिचा उत्तम भाग ठाऊक नसावा, हे सुरक्षेच्या हिशेबात बसत असेलही, पण संकल्पनाच्या हिशेबात मी त्याचे गुण कापतो. बेल्जियमने २०२२ च्याच फेब्रुवारीत काढलेल्या पासपोर्टात टिनटिन आणि स्मर्फ ही चित्रकथांतली पात्रे घेतली. तिथेही दिव्याखाली निराळे तपशील उजळतात, पण निदान दिवसा पाहणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर हसू येईल एवढी सोय ठेवलेली आहे. स्विस पुस्तिकेत हसण्याची सोय नाही.

व्यक्तिगत माहितीचे पान कागदाचे नसून पॉलिकार्बोनेटचे आहे. त्यावरची व्यक्तिगत माहिती छापलेली नाही. लेसरने प्लास्टिकच्या आतल्या थरांत मजकूर आणि छायाचित्र कोरलेले आहे, त्यामुळे वरून खरडून काढण्यासारखे काही उरत नाही. पान वाकवल्यावर ताठपणे परत येते आणि त्याचा आवाज एटीएम कार्डासारखा येतो. राखाडी छायाचित्रात भाची थोडी कठोर दिसते, पण हा दोष सगळ्याच देशांच्या पासपोर्टांत आहे.

या पानावरची एक नोंद मात्र मी पुन्हा पुन्हा वाचली. आपल्या पासपोर्टावर जिथे जन्मस्थान असते, तिथे स्विस पासपोर्टावर मूळगाव असते. माणूस कुठे जन्मला याच्याशी त्याचा संबंध नाही. ज्या गावचे नागरिकत्व वाडवडिलांकडून वारशाने आले, ते गाव तिथे लिहिले जाते. पिढ्यान् पिढ्या जिनिव्हात राहणाऱ्या माणसाच्या पासपोर्टावर त्याने कधी पाहिलेही नसेल अशा एखाद्या डोंगरी खेड्याचे नाव असू शकते. पूर्वी या नोंदीला फार व्यावहारिक वजन होते, कारण कोणी निर्धन झाला तर त्याला पोसण्याची जबाबदारी त्याच्या मूळगावावर पडत असे. आपल्याकडे लग्नाच्या बोलण्यात “राहता नागपूरला, पण गाव कोणतं?” हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतो, त्या प्रश्नाचे उत्तर सरकारी कागदावर छापणारा देश युरोपात असेल, असे मला वाटले नव्हते. परदेशातून येऊन नागरिक झालेल्याला, जिथे नागरिकत्व मिळाले ती नगरपालिका मूळगाव म्हणून मिळते. म्हणून आमच्या भाचीचे मूळगाव आता बाझेल आहे, आणि तिच्या मुलांचे, नातवंडांचेही ते तसेच पुढे चालत जाईल. तिच्या आईला ही नोंद वाचून दाखवली तेव्हा तिने पान बंद केले आणि चहाचे विचारले. संकल्पनकाराच्या हाती नसलेली, कायद्याने ठरवलेली ही एक ओळ साऱ्या पुस्तिकेत सर्वांत जास्त बोलते, असे माझे मत झाले.

मूळगावाबरोबर उंचीही सेंटिमीटरमध्ये लिहिलेली आहे. वडिलांचे, आईचे किंवा पतीचे नाव कुठेही नाही, घरचा पत्ताही नाही. आपल्या पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर हे सगळे असते, आणि नावात एक अक्षर इकडेतिकडे झाले की तालुक्याच्या माणसाला शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून राजपत्रापर्यंत फिरावे लागते. जे छापलेच नाही त्यात चूक होत नाही, हे तत्त्व छापखान्यात रोज पटते.

पानाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी आहेत, प्रत्येकीत ४४ चिन्हे. या ओळी आंतरराष्ट्रीय नियमाने सर्वच देशांच्या पासपोर्टांवर सारख्या असतात, आपल्याही. त्यांचे अक्षर ओसीआर-बी या नावाचे असून ते १९६८ साली आड्रियान फ्रुटिगर यांनी घडवले, आणि फ्रुटिगर हे स्वित्झर्लंडचे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचे बोधचिन्हही त्यांच्याच हातचे आहे. डीटीपी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेले हेल्व्हेटिका हे अक्षरही १९५७ साली बाझेलच्या शेजारच्या म्युन्शेनश्टाइन येथे जन्मले. थोडक्यात, नाशिकला छापलेल्या आपल्या पासपोर्टातही दोन ओळी स्विस अक्षराच्या आहेतच.

पुस्तिकेत चिप आहे आणि तिच्यात छायाचित्र व दोन बोटांचे ठसे असतात. ही चिप सक्तीची करावी की नाही यावर तिथे १७ मे २००९ रोजी चक्क सार्वमत झाले. ठसे सरकारी साठ्यात जमा राहणार, याला पुष्कळांचा विरोध होता. बाजूने पडली ५०.१ टक्के मते. साऱ्या देशातला फरक साडेपाच हजारांच्या आसपास मतांचा, म्हणजे आमच्याकडच्या जिल्हा परिषदेच्या गटात पडतो तेवढा. पासपोर्टात काय असावे हे ज्याच्या खिशात तो राहणार त्याला विचारले गेले, आणि पुढच्या वर्षापासून चिप सर्वांना लागू झाली.

प्रौढांसाठी शुल्क १४० फ्रँक आहे आणि टपालाचे ५ वेगळे. रुपयांत हा आकडा पंधरा हजारांच्या वर जातो. आपल्याकडे ३६ पानी साधा पासपोर्ट १,५०० रुपयांत मिळतो. मुदत दोन्हीकडे प्रौढांना दहा वर्षांची आहे. दोन देशांच्या मिळकतीतला फरक धरला तर स्विस शुल्क त्यांच्या माणसाला जड नाही, आणि छपाईचा दर्जा पाहता मी त्या किमतीला हरकत घेणार नाही. आपल्या नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसकडेही सुरक्षा-छपाईची शंभर वर्षांची परंपरा आहे, आणि चिप असलेला भारतीय ई-पासपोर्ट २०२४ साली प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला तेव्हा सुरुवातीच्या कार्यालयांत आपले नागपूर होते. तेव्हा यंत्रे नाहीत, हात नाहीत, असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. पुढची मालिका काढताना नाशिकने आतली पाने एखाद्या चांगल्या चित्रकाराच्या हाती पूर्णपणे सोपवावीत, आणि रेषा जरा ठळक ठेवायला सांगाव्यात.